अहाबलाही मळाच करायचा होता

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरातील एक मुलगा पंधरा दिवस डोंगर राखायला गेला होता. 'डोंगर राखायला' हे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे शब्द. महाविद्यालयाच्या कागदावर त्याला 'इंटर्नशिप' असे नाव होते. आपल्या मराठीत यासाठी 'उमेदवारी' हा जुना आणि फार चांगला शब्द होता. त्यात उमेदही होती आणि जाणत्याच्या हाताखाली काही वर्षे काढण्याची तयारीही होती. निवडणुकांनी तो शब्द पळवला, तो कायमचाच. असो.

नाशिकहून दिंडोरीकडे निघाले की ज्या बोडक्या टेकड्या दिसू लागतात, त्यांपैकी एकीवर एक छोटी संस्था जमीन राखण्याचे काम करते. आगमनकाळातले दिवस होते. सकाळी द्राक्षबागांवर धुके उतरलेले असे आणि बोटे गारठून कुदळ धरवत नसे. मुलांना कामे दिली होती ती साधीच. रोपांची मोजणी करायची, मेलेल्या रोपांच्या जागी खुणेचे दगड ठेवायचे, आळी नीट करून त्यांत वाळला पाला पसरायचा, घाणेरीची झुडपे मुळासकट उपटायची, उन्हाळ्यातील वणव्याच्या भीतीने जाळरेषेवरचे गवत साफ करायचे. पळस, करंज, बेहडा, उंबर ही झाडे पानांवरून ओळखायला तो शिकला. हाताला फोड आले आणि ते त्याने घरी कौतुकाने दाखवले. आम्हीही कौतुक केले.

दहाव्या की अकराव्या दिवशी त्याला काटेरी कुंपणातल्या एका खिंडारापाशी उभे केले होते. कुणाची गुरे आत आली तर त्यांना परत फिरवायचे, एवढेच काम. दुपारी एक म्हातारी बाई सात-आठ शेळ्या घेऊन आली. मुलाने आपल्या घरच्या वळणाप्रमाणे नम्रपणे सांगितले, "आजी, इथे आता चराई बंद आहे." आजींनी त्याच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "किती दिवस राहणार रं तू इथं?" तो म्हणाला, "पंधरा दिवस." त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आन् मंग?" मग शेळ्या वळवून त्या टेकडीच्या दुसऱ्या अंगाने निघून गेल्या.

त्या रात्री जेवताना मुलाने आम्हाला विचारले, "आम्ही तो डोंगर नेमका कुणापासून राखत होतो?" या प्रश्नाने आमच्या घरात बरेच दिवस ठाण मांडले. वाचकांपुढे तो मांडावा असे वाटले, कारण नाताळच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी अशा सेवेला जातात, आणि आपण आईबाप त्यांना आनंदाने पाठवतो.

प्रश्नाचे एक उत्तर सरळ आहे आणि ते खरेही आहे. शेळी कोवळा शेंडा खाते, आणि शेंडा गेलेले रोप वाढत नाही. ज्या उतारावर बारमाही मोकाट चराई होते, तेथे गवताला बी धरायलाही सवड मिळत नाही. पहिल्याच वळवात माती ओढ्याला जाते. तोच उतार दोन-तीन पावसाळे विसावला की गवत दाटते, मुळे माती धरतात, पाणी मुरते, आणि खालच्या विहिरींना ते दिसू लागते. नगर जिल्ह्यातील आपल्या लोकांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. स्वित्झर्लंडहून येशूसंघीय म्हणून आलेले फादर हरमन बाखर, लोकांचे 'बाखर बाबा', यांनी त्या दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम उभे केले. १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था स्थापन झाली ती त्यातूनच. त्या कामात गावाने आधी श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी कबूल करायची अशी अट असे. अट कठोर होती, पण तिच्यावाचून डोंगर हिरवे झाले नसते. तेव्हा खिंडारापाशी आमचा मुलगा जे बोलला, त्यात चूक नव्हती.

पण बरोबर असलेल्या गोष्टीचीही किंमत असते, आणि ती कुणीतरी मोजत असते. येथे ती कोण मोजते? खालच्या गावात ज्याची विहीर आहे, त्याला वाढलेले पाणी मिळेल. ज्याची द्राक्षबाग आहे, त्याची बाग तगेल. शहरात राहणाऱ्या आम्हाला रविवारी फिरायला हिरवी टेकडी मिळेल. ज्या बाईला विहीर नाही, बाग नाही, आहेत त्या फक्त शेळ्या, तिला आजपासून दोन मैल जास्त चालावे लागेल. भूमिहीनाच्या घरी शेळी म्हणजे बँकेतले खातेच असते. आजारपण निघाले, मुलाची फी भरायची आली, तर एक शेळी बाजाराला जाते. चराईबंदीचा पहिला घाव तिच्यावर पडतो आणि फायद्याची वाटणी होते तेव्हा ती रांगेत शेवटी असते. मुरुमासाठी टेकडीला यंत्र लावणारा आणि पायथ्याशी बंगल्यांचे प्लॉट पाडणारा या खिंडारातून येत नाही. त्याला अडवायला पंधरा दिवसांची मुले कुणी उभी करत नाही. कारण ती अडवू शकणार नाहीत हे सर्वांनाच ठाऊक असते.

हे लिहिताना आम्हाला आमच्या आजीची आठवण होते. तिने संगमनेर तालुक्यात दुसऱ्यांच्या शेळ्या राखल्या आणि १९७२च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. त्यातील कितीतरी कुटुंबांची कहाणी याहून फार निराळी नाही. दोन पिढ्यांपूर्वी आम्ही कुंपणाच्या त्या बाजूला होतो. आज या बाजूला आहोत, हातात यादी आणि गळ्यात ओळखपत्र आहे. ही प्रगतीच आहे आणि तिच्याबद्दल आम्ही देवाचे ऋणी आहोत. पण आजी हयात असती आणि त्या खिंडाराशी आली असती, तर तिच्या नातवाच्या मुलाने तिला ओळखले असते काय?

राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. नाशिककरांना ती विशेष जवळची वाटावी. अहाब राजाने नाबोथाकडे मळा मागितला. बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथ नाही म्हणाला, कारण तो वाडवडिलांचा वारसा होता. राजा रुसून भिंतीकडे तोंड करून निजला, जेवेना. मग ईजबेल राणीने पत्रे पाठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाला आणि मळा मोकळा झाला. प्रवचनांतून आपण ही कथा पुष्कळदा ऐकतो आणि अहाबला आजच्या बिल्डरच्या जागी बसवून मोकळे होतो. पण त्या कथेत एक लहानसा तपशील आहे. अहाबला तेथे वाडा बांधायचा नव्हता. त्याला तेथे भाजीचा मळा करायचा होता. त्याचाही हेतू हिरवाच होता!

हा तपशील आम्हाला अस्वस्थ करतो. आमचे काम हिरवे आहे, एवढ्यावरून आम्ही नाबोथाच्या बाजूचे ठरत नाही. वसईत १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा कोण कोणाच्या बाजूचे ते स्पष्ट होते. वाड्या तेथील लोकांच्या होत्या आणि ते आपल्याच वाड्यांसाठी उभे राहिले. नाशिकच्या डोंगरावर तसे नाही. शेळ्यावाल्या आजींच्या नावे सातबारा नाही. नाबोथ निदान 'हे माझ्या वडिलांचे आहे' असे राजाला म्हणू शकला. या आजी तेवढेही म्हणू शकत नाहीत. त्यांचा वारसा म्हणजे रोजची पायवाट, आणि पायवाटेची नोंद कोणत्याही दप्तरात नसते.

मग जमीन राखायचीच नाही काय? पवित्र शास्त्र असे म्हणत नाही. जमीन देवाची आहे आणि आपण तीवर पाहुणे आहोत, हे लेवीय पुस्तकाने सांगितलेच आहे. सहा वर्षे पेरा आणि सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या, असा नियमही तेथेच आहे. येथपर्यंत आपण सारे उत्साहाने वाचतो. पण त्या विसाव्याच्या वर्षी जमिनीत जे आपोआप उगवेल त्याचे काय करायचे, हेही शास्त्राने सांगून ठेवले आहे. निर्गम पुस्तकाप्रमाणे ते गोरगरिबांचे, आणि त्यांच्याकडून उरेल ते रानातल्या जनावरांचे. म्हणजे विसावलेली जमीन ही गरिबाला दार बंद झालेली जमीन नव्हे. ज्याच्या मालकीची एरवी ती नसते, त्याचा हक्क त्या वर्षी उलट वाढतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचे दुःख आणि गरिबांचे दुःख वेगळे करू नका असे आग्रहाने सांगितले. ती शिकवण नवी वाटली तरी तिची मुळे इतकी जुनी आहेत.

आपल्या देशाच्या कायद्यालाही हे अगदीच सुचले नाही असे नाही. रामशेजच्या किल्ल्याजवळच्या बोरगडला २००८ मध्ये 'संवर्धन राखीव क्षेत्र' म्हणून मान्यता मिळाली. सुमारे साडेतीनशे हेक्टरांचे हे क्षेत्र महाराष्ट्रातील अशा प्रकारचे पहिले होते आणि त्यामागे नाशिकच्या निसर्गप्रेमींची दीर्घ खटपट होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने हा प्रकार आला. असे क्षेत्र जाहीर करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय व्हावा आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असावा, असे त्या दुरुस्तीत म्हटले आहे. म्हणजे कायद्याने एक खुर्ची ठेवली. त्या खुर्चीवर कोण बसते हा मात्र गावोगावचा प्रश्न. शेळ्या राखणारी बाई सभेच्या वेळी बहुधा डोंगरावरच असते.

पंधरा दिवसांच्या सेवेविषयीही दोन शब्द. द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरांचा प्रभूचा दाखला उशिरा येणाऱ्यांना मोठा दिलासा देतो. त्यांनाही पूर्ण मजुरी मिळाली. तेव्हा थोडे दिवस काम केले म्हणून कुणी आमच्या मुलांना हिणवू नये. तरी धन्याने त्यांना मुकादम केले असे त्या दाखल्यात नाही. दिवसभर ऊन सोसलेल्यांना शेवटच्या तासाला आलेल्याने 'इकडून जाऊ नका' असे सांगावे, हे त्या मळ्यातही कुणाला रुचले नसते. आमच्या मुलाला नेमके तेच काम दिले गेले. ज्यांनी दिले त्यांचाही हेतू वाईट नव्हता. माणसे कमी होती.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. प्रत्येक शेळीवाल्याचे ऐकत बसलो तर डोंगर उघडा पडेल आणि त्यात शेवटी तोच बुडेल, असे कुणी म्हणेल. ते खोटे नाही. आमचे मत एवढेच की बंदी असावी, पण कोणता उतार आधी मिटायचा आणि कोणता नंतर, हे तिथे रोज चालणाऱ्याला विचारून ठरावे. मिटलेल्या उतारावरचे गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला मान त्याचा असावा, आणि तो उपकार म्हणून नव्हे. आणि पाणी ज्यांच्या विहिरीला व बोअरला वाढते त्यांनी, म्हणजे आम्हीही, त्याच्या तोट्याचा काही भार उचलावा. हे बोलायला सोपे आहे. आमच्या कॉलनीच्या बैठकीत आम्ही हे काढले, तेव्हा विषय लगेच पार्किंगवर गेला.

मुलाचे प्रमाणपत्र आले आहे. त्यावर त्याचे नाव सुवाच्य अक्षरांत छापलेले आहे. त्या आजींचे नाव काय, असे आम्ही त्याला विचारले, तेव्हा त्याच्या लक्षात आले की आपण ते विचारलेच नव्हते. जानेवारीतल्या एका रविवारी मिस्सानंतर तो सायकल घेऊन तिकडे गेला. खिंडार काट्यांनी बुजवलेले होते. टेकडीच्या दुसऱ्या अंगाला तो बराच चालला. त्याला शेळ्यांच्या लेंड्या दिसल्या, एक नवी पायवाट दिसली, आणि ती कुठे जाते ते पाहायला पुढच्या रविवारी लवकर निघायचे असे त्याने ठरवले आहे.