गाण्यांमधल्या गप्पा

किंकी फ्रीडमनच्या रहस्यकथांचं वेड असलेल्या माणसाला विचारा, अमुक पुस्तकात खुनी कोण होता? बहुधा त्याला आठवायचं नाही. पण न्यूयॉर्कच्या व्हँडॅम स्ट्रीटवरचं ते घर मात्र तो जसंच्या तसं सांगेल. टेबलावर शेरलॉक होम्सचं चिनी मातीचं डोकं, त्यात सिगार. डाव्या-उजव्या हाताला दोन लाल फोन. सगळं ऐकून घेणारी आणि कशालाच उत्तर न देणारी मांजर. खालून कुणी हाक मारली की खिडकीतून पॅराशूट बांधलेलं बाहुल्याचं मुंडकं खाली सोडायचं. दाराची किल्ली त्याच्या तोंडात. इथे राहणाऱ्या गुप्तहेराचं नावही किंकी फ्रीडमनच, आणि पूर्वाश्रमीचा तो ‘कंट्री’ या अमेरिकी लोकसंगीताचा गायक.

खरा किंकी टेक्ससमध्ये वाढलेला ज्यू मुलगा. डोक्यावर हॅट, तोंडात सिगार आणि जिभेला हाड नाही. १९७३ साली त्याचा ‘सोल्ड अमेरिकन’ हा अल्बम आला. त्याच्या काही गाण्यांवर तेव्हा लोक चिडले, आज ऐकणारेही चिडतील, आणि ते चुकतात असं मी म्हणणार नाही. पण याच अल्बममध्ये ‘राइड एम ज्यूबॉय’ आहे. गुराख्याच्या गाण्याची संथ चाल, आणि शोक नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्यांचा. टवाळी करणारा माणूस मध्येच असं काही गाऊन गेला की ऐकणारा त्याला कायमचा बांधला जातो.

पुढे त्याचा बँड मोडला. न्यूयॉर्कच्या लोन स्टार कॅफेत तो गात राहिला आणि १९८६ मध्ये ‘ग्रीनिच किलिंग टाइम’ ही पहिली कादंबरी आली. गवयाने रहस्यकथा लिहाव्यात याचं अनेकांना नवल वाटलं. मला वाटत नाही. कंट्रीचा गायक दोन गाण्यांच्या मध्ये गिटार जुळवता जुळवता श्रोत्यांशी बोलत असतो: थापा, टोमणे, कुणा मित्राची फजिती. किंकीच्या कादंबऱ्या म्हणजे या गप्पाच. प्रकरणं आखूड, शेवटच्या ओळीला गाण्यासारखी कलाटणी. कथानकाची वीण सैल, आणि त्याची तक्रार चाहते करत नाहीत. त्यांना हवी असते ती सोबत. वॉटसनच्या जागी असलेला रॅट्सो हा पत्रकार लॅरी स्लोमन, किंकीचा खराखुरा मित्र. ‘रोडकिल’ या कादंबरीत तर कंट्री गायक विली नेल्सनच पात्र होऊन येतो. खरं कुठे संपलं नि थाप कुठे सुरू झाली हेच इथलं रहस्य. खून आपला नावापुरता. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटनसुद्धा या पुस्तकांचे चाहते होते.

प्रेम एक आणि मत दुसरं, हे मात्र २००६ मध्ये दिसलं. किंकी टेक्ससच्या गव्हर्नरपदासाठी अपक्ष उभा राहिला, सभांतून लोकांना पोट धरून हसवलं, आणि सुमारे १२ टक्के मतं घेऊन चौथा आला.

२०२४ च्या जूनमध्ये तो गेला, तेव्हा ७९ वर्षांचा होता. त्याच्या चाहत्यांना ठाऊक असलेला एक किस्सा तो स्वतःच सांगायचा. गाणी लिहिणं सुटून वर्षं लोटली होती. एका रात्री तीनच्या सुमाराला विली नेल्सनचा फोन आला: काय करतोयस? किंकी म्हणाला, टीव्हीवर ‘मॅटलॉक’ बघतोय. ही कोर्टातल्या खूनखटल्यांची जुनी मालिका. विलीचं निदान तयार होतं: मन खचल्याचं हे पक्कं लक्षण, तेव्हा टीव्ही बंद कर आणि गाणी लिही. रहस्यकथाकाराने निमूटपणे रहस्यमालिका बंद केली. त्यातून निघालेली गाणी २०१८ साली ‘सर्कस ऑफ लाइफ’ या अल्बममध्ये आली. त्यांत टवाळी फारशी नाही. म्हातारपणी माणूस जितकं सरळ बोलतो, तितकं तो त्यांत बोलला आहे.