शुद्धिपत्र

दसरा उलटला की आमच्या घरात वस्तूंची झडती सुरू होते. यंदा ती माझ्या कपाटापर्यंत आली. "बाबा, ह्या मासिकांचे काय करायचे?" असे सूनबाईंनी अगदी मऊ आवाजात विचारले. आवाज मऊ होता म्हणूनच मी ओळखले, की काय करायचे ते ठरलेले आहे आणि विचारणे हा केवळ सभ्यपणा आहे. रद्दीवाला दुपारी येणार होता.

कपाट लोखंडी. मी कारखान्यातून निवृत्त होताना भंगाराच्या लिलावात घेतलेले. त्यात नागपूरच्या 'उद्यम'चे जुने अंक आहेत, पुण्याच्या 'सृष्टिज्ञान'चे आहेत, १९६६ साली निघालेल्या 'सायन्स टुडे'चे आहेत, दिल्लीच्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'चे तर दोन कप्पे आहेत. आणि आणखी एका मराठी मासिकाचे अंक आहेत. त्याचे नाव मी सांगणार नाही. ते बंद पडून फार वर्षे झाली आणि त्याच्या पानांवर जी चूक झाली ती माझी होती.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. १९५४ साली इथे पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला आणि १९६२ नंतर एम.आय.डी.सी.ने माळरानावर आखलेल्या चौकोनांत एकामागून एक शेड उभ्या राहिल्या. आमच्यासारखी आय.टी.आय. झालेली पोरे सातारा, सोलापूर, नगरकडून येऊन चिंचवडच्या वाड्यांतून दोन-दोन खोल्यांत राहू लागली. दिवसभर आम्ही कसल्यातरी एका मोठ्या यंत्राचा एक लहानसा भाग घासत असू. तो भाग पुढे कुठे बसतो, बसल्यावर काय करतो, हे पुष्कळांना ठाऊकही नसे. रात्री मात्र पोस्टाने आलेले मासिक उघडले, की त्यात एक संपूर्ण वस्तू असे. लहानशी, कामचलाऊ, पण आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातची. छंद ह्या शब्दाला लोक उगीच हलके समजतात. आमच्यापैकी कित्येकांना वस्तू 'पुरी करणे' म्हणजे काय असते, हे पगाराच्या कामाने नव्हे, छंदाने शिकवले.

महाराष्ट्रात कारखाना आणि मासिक ही दोन गोत्रे कधीच फार लांबची नव्हती. 'किर्लोस्कर खबर' १९२० साली निघाली ती किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून, आणि हळूहळू घरोघरच्या बायकामाणसांचे मासिक होऊन बसली. तिकडे अमेरिकेत 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या जानेवारी १९७५च्या मुखपृष्ठावर घरी जुळवायच्या एका संगणकाचे चित्र आले. ते पाहून दोन तरुणांनी आपली कंपनी काढली, आणि आज माझ्या नातवाच्या कारखान्यातली निम्मी कारकुनी त्यांच्या त्या कंपनीच्या प्रणालीवर चालते. छंदाच्या मासिकाने एवढे करावे, आणि मग त्याच संगणकाने मासिकांचाच घास घ्यावा! १८७२ साली निघालेले 'पॉप्युलर सायन्स' २०२१ साली कागदावरून उतरले आणि २०२३ साली नियतकालिक म्हणून थांबले. आपल्याकडची कित्येक मासिके तर आपण गेलो असे सांगण्याइतकीही वेळ न घेता गेली. एक महिना अंक आला नाही, दुसरा आला नाही, वर्गणी परत मागायचे कुणाच्या मनात आले नाही, संपले.

नातू चाकणला नोकरीला आहे. तिथे एके काळी कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्याची गढी एवढेच लोकांना माहीत होते. आता मोटारींचे कारखाने आहेत आणि नातू त्यांतल्या एकात यंत्रमानवांच्या दुरुस्तीवर आहे. त्याला मी कपाटासमोर बसवून नेहमीचे प्रवचन सुरू केले. आम्ही महिनाभर अंकाची वाट पाहायचो, लेखमालेचा पुढचा भाग येईपर्यंत मागचा पाठ व्हायचा, त्या प्रतीक्षेने आम्हांला धीर शिकवला, इत्यादी.

त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही वाट पाहत होता, की तुम्हांला दुसरा मार्गच नव्हता?"

मला उत्तर सुचले नाही. खरेच, नाइलाजाला सद्गुण म्हणण्याची सवय आमच्या पिढीला फार आहे. रेशनच्या रांगेत आम्ही उभे राहिलो, स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलो, आणि आता नातवंडांपुढे तो संयम म्हणून मिरवतो. ज्याला पर्याय होता आणि तरीही जो थांबला, त्यालाच धीर ह्या शब्दावर हक्क आहे. खेड्यातल्या ज्या मुलापर्यंत एकही मासिक पोचत नव्हते, त्याच्या हातात आज फोन आहे आणि हवे ते त्याला त्याच्या भाषेत, त्याच रात्री दिसते. हे वाईट आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? तेव्हा मासिके गेल्याचे दुःख करायचे तर त्याला ह्याहून बरे कारण हवे, नाहीतर ते केवळ स्वतःच्या तरुणपणाचे दुःख ठरते.

ते कारण मला कपाटाच्या तळाशी सापडले. तिथे त्या निनावी मासिकाच्या एकाच महिन्याच्या तीन प्रती होत्या. "एकाच अंकाच्या तीन कशाला?" असे नातवाने विचारले, आणि जी गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नव्हती ती सांगावी लागली.

१९७६ साली मी त्या मासिकात एक लेख लिहिला. माझा पहिलाच. घरच्या घरी बॅटरी एलिमिनेटर कसा करावा, हा विषय. सेल महाग होते आणि ट्रान्झिस्टर घराघरांत होता, म्हणून असल्या लेखांना मागणी असे. एक लहान ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. सगळे तपकीर गल्लीत मिळायचे. आकृती मी स्वतः काढली, दोनदा तपासली, आणि त्यात कंडेन्सरचे अधिक-उणे उलटे दाखवले. असला कंडेन्सर उलटा जोडला की आतून तापतो, त्यात वायू साठतो, आणि शेवटी ती ॲल्युमिनियमची डबी फुटते.

लेख छापून आला तेव्हा मी वाड्यात पेढे वाटले. तीन आठवड्यांनी संपादकांकडून एक पोस्टकार्ड पाकिटात घालून आले. सोलापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांनी ते त्यांना लिहिले होते. शाळेत येणाऱ्या अंकावरून त्यांच्या मुलाने एलिमिनेटर केला. तो फुटला. एका भुवईचे केस जळाले, डोळा थोडक्यात वाचला. पुढे लिहिले होते, की मुलाने जोडणीत चूक केली असे समजून आपण त्याला मारले. मागाहून दुसऱ्या पुस्तकाशी आकृती ताडून पाहिली तेव्हा चूक छापलेली आहे हे ध्यानात आले. एवढे कळवतो, इतर वाचकांच्या माहितीसाठी.

पत्रात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

संपादकांनी पुढच्या अंकाची वाट पाहिली नाही. वर्गणीदारांची वही काढली, दोन ओळींचे शुद्धिपत्र छापले आणि वहीतल्या प्रत्येक पत्त्यावर टपालाने धाडले. पुढच्या अंकातही चौकटीत ते आले, माझ्या नावासकट. मला बोलले काहीच नाहीत. इतकेच म्हणाले, की वहीतले लोक सांभाळले, पण स्टॉलवर विकलेल्या प्रतींना पत्ता नसतो. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले. मी पुढचे चार-पाच रविवार पुण्याला जाऊन अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या ढिगांत तो अंक शोधत हिंडलो. तीन प्रती मिळाल्या. त्या विकत घेतल्या आणि तांबड्या शाईने आकृती सुधारली. बाकीच्या कुठे गेल्या, आणखी कुणाकुणाच्या हातात काय फुटले, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने आपली गोष्ट सांगितली. सायकलला लावायची लिथियमची बॅटरी त्याने गेल्या वर्षी एक चित्रफीत पाहून जुळवली. तीत संरक्षणाचे सर्किट लावायला सांगितलेच नव्हते. बॅटरी चार्जिंगला असताना फुगली, धूर आला. नशिबाने ती गॅलरीत होती. (सूनबाईंना हे अजून माहीत नाही. हा अंक त्या वाचतील तेव्हा होईल.) दुसऱ्या दिवशी तो करणाऱ्याला कळवायला गेला, तर ती चित्रफीत तिथे नव्हतीच. काढून टाकलेली. त्या माणसाला पश्चात्ताप झाला की आणखी काही कारण घडले, हे कळायला मार्ग नव्हता.

"पण निदान दुसऱ्या कुणाच्या घरी आग लागायची टळली ना," तो म्हणाला. "तुमची आकृती अजून कुणाच्या तरी माळ्यावर चुकीचीच असेल."

हेही खरेच. मी तेव्हाच्या माझ्याकडे पाहतो. त्या रात्री एक बटण दाबून सगळ्या प्रतींतली आकृती सुधारता आली असती, तर कागदाच्या प्रेमाने मी ते दाबले नसते काय? पहिल्यांदा दाबले असते. छापील अक्षर पुसता येत नाही म्हणून माणूस आधीच सावध राहतो, असे पुष्कळ जण सांगतात. मी काही सावध राहिलो नव्हतो. मुलाच्या डोळ्याचा विचार केला तर आजची रीतच बरी, ह्याबद्दल माझ्या मनात वाद नाही.

तरीही नातवाच्या त्या नाहीशा झालेल्या धड्यात काहीतरी मला बोचते. माझी चूक गेली नाही, म्हणून तिच्यामागे मला जावे लागले. त्या शिक्षकांना संपादकांचा पत्ता माहीत होता, संपादकांना माझा, आणि वहीतल्या वाचकांचा संपादकांना. चूक ह्या तीन पत्त्यांतून फिरून माझ्या दारी आली आणि म्हणाली, ही तुझी. नातवाच्या शिक्षकाला लाखभर शिष्य असतील, पण त्याच्यापाशी वही नाही. ज्यांनी ती चित्रफीत आधीच पाहून बॅटरी जुळवली, गॅलरीत नव्हे तर खाटेखाली ठेवली, त्यांना कोण कळवणार? ती काढून टाकल्याने पुढचे वाचले. मागचे मात्र आता कुणाचेच राहिले नाहीत. माझे काही माझ्या हातून सुटले, ही गोष्ट वेगळी. पण ते माझे आहेत, हे मला पन्नास वर्षे माहीत आहे.

हे काय आजच्या यंत्राचे पाप आहे? मला तसे वाटत नाही. वही कुणी ठेवायची म्हटली तर फोनमध्ये ती अधिक सोपी. शुद्धिपत्र एका क्षणात लाख जणांना जाईल. संपादकांना तिकिटांचा खर्च पडला होता, तोही वाचेल. न ठेवण्याचे कारण यंत्रात नाही. शिकवणे फुकट झाले, तेव्हा शिकणाऱ्याचे आपण काही लागतो ही भावनाही बहुधा त्याच्याबरोबर स्वस्त झाली. मासिकाची वर्गणी लहानच असे, पण मनीऑर्डरच्या कुपनावर माणूस आपले नाव, गाव, तालुका लिहून पाठवी, आणि तेवढ्याने तो कुणाचातरी होई.

नातवाला मी विचारले, "तू स्वतः काही करून दाखवतोस का लोकांना?" तो म्हणाला, "दोन-तीनदा दाखवले आहे." तपासून? "आजोबा, तुम्हीही दोनदा तपासले होतेच की."

दुपारी रद्दीवाला आला. 'सायन्स टुडे' नातवानेच बाजूला काढून ठेवले, चित्रे चांगली आहेत म्हणून. बाकीचे काट्यावर गेले आणि वजनात मारलेच असणार, पण मी घासाघीस केली नाही. त्या तीन प्रती त्याने आपल्या खोलीत नेल्या. संध्याकाळी पाहिले, तर ते पोस्टकार्ड घेऊन तो दिव्याखाली बसला होता. शाई उडाली आहे, पण गाव आणि तालुका अजून लागतो. तो मुलगा आज साठीच्या पुढे गेला असेल. नातू म्हणाला, आपण कळवून पाहू. मी म्हटले, काय कळवायचे? तो अजून मजकूर जुळवतो आहे.