भोग आणि इलाज

पंचगंगेच्या काठी वसलेल्या कोल्हापुरातील कसबा बावड्यात, जेथे राजाराम साखर कारखान्याचे धुराडे आणि रुग्णालय ही दोन्ही एकाच शिवेच्या आत येतात, तेथे वयस्कर माणसांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : "भोगायचं हाय ते भोगून संपवायचं, गोळ्या खाऊन फुडल्या जल्माला कशाला ठेवायचं?" अडाणीपणाचे बोल म्हणून हे वाक्य झटकून टाकणे सोपे आहे; परंतु दुःख हे पूर्वकर्माचे देणे असून ते भोगूनच फिटते आणि औषधाने शमविल्यास केवळ त्याची मुदत वाढते, असा कर्मसिद्धान्ताचा एक पुरा युक्तिवाद त्यात सामावलेला आहे, आणि युक्तिवादाचा समाचार युक्तिवादानेच घेतला पाहिजे.

प्रथम व्यवहार पाहावा. ज्याने उमेदीची सारी वर्षे गुऱ्हाळघरात काहिलीतला उकळता रस ढवळण्यात घालविली, असा एखादा गुळव्या पहाटे बाजेवरून उठताना एक हात भिंतीला आणि दुसरा कमरेला लावतो, दोन पावले टाकून थांबतो, आणि मग कोनाड्यातील तेलाच्या बाटलीमागून कागदात बांधलेली, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेली वेदनाशामक गोळी काढून उपाशीपोटी गिळतो. म्हणजे भोगाचे तत्त्व सांगणाराही इलाज करतोच. फक्त तो चोरून करतो, आणि महिनोन्महिने तशा घेतलेल्या गोळ्या जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा करीत राहतात. तेव्हा निवड भोग आणि उपचार यांच्यात नसून, अविचारी उपचार आणि विचारपूर्वक उपचार यांच्यात आहे.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या वेदनेला वैद्यक जुनाट म्हणते, आणि तिचा स्वभाव ताज्या वेदनेहून निराळा असतो. ताजी वेदना ही शरीराची खबर असते; जुनाट वेदनेत मात्र मज्जारज्जू आणि मेंदू यांतील संवेदनमार्ग इतके हळवे होऊन बसतात की, चोर केव्हाच पसार झाला तरी आरोळी देतच राहणाऱ्या जागल्यासारखी तिची गत होते. म्हणूनच तिला एकच रामबाण औषध नाही. नेमाने केलेला व्यायाम व फिजिओथेरपी, बेताने घेतलेले पॅरासिटामॉल, नसांच्या दुखण्यावर अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिन, निवडक रुग्णांत मज्जातंतूंपाशी दिलेले इंजेक्शन, गुडघा पार झिजल्यास सांधेबदल, आणि मनाला आलेल्या खिन्नतेचा स्वतंत्र विचार, या सर्वांची सांगड घालावी लागते. तरीही वेदना समूळ जाईल असा करार कोणताही प्रामाणिक वैद्य करीत नाही; चालता यावे, झोप लागावी, हातून चार कामे व्हावीत, एवढेच तो पदरात घालू पाहतो.

या मर्यादेची जाणीव आपल्या दर्शनांना पूर्वीपासून होती. सांख्यकारिकेच्या आरंभीच शंका घेतली आहे की, दुःख घालविण्याचे दृष्ट उपाय उपलब्ध असताना तत्त्वजिज्ञासेची गरज ती काय. आणि तिचा कर्ता ईश्वरकृष्ण याचे उत्तर असे की, ते उपाय निश्चित नाहीत व कायमचेही नाहीत. औषध अपुरे आहे असे तो म्हणतो. ते अधर्म्य आहे असे म्हणत नाही. चरकानेही काही व्याधी पूर्वकर्मजन्य मानल्या खऱ्या. पण त्याच्याच संहितेच्या विमानस्थानात दैव आणि पुरुषकार म्हणजे प्रयत्न यांचे बलाबल तोलताना, दुर्बळ दैव पुरुषकारापुढे हटते असा निर्वाळा दिला आहे. दैव दुर्बळ की प्रबळ, हे तर उपचार करून पाहिल्याखेरीज कळण्याचा मार्गच नाही. देण्याचा दस्तऐवज कोणी वाचलेला नसताना, बाकी किती आणि व्याज किती, हे आपणच ठरवून मोकळे होणे यात श्रद्धेपेक्षा आगाऊपणाच अधिक आहे. दुखणे प्रारब्धाने आले म्हणावे, तर चार पावलांवरचे रुग्णालय कोणाच्या हुकमाने आले? आणि शीतोष्ण सोसावे असा गीतेचा उपदेश असला, तरी थंडीत घोंगडी पांघरण्यास भगवंताने मनाई केल्याचे कोठे आढळत नाही. तितिक्षेचे म्हणजे सोशिकपणाचे राज्य सुरू होते ते उपायांची हद्द संपल्यावर.

मात्र भोगाच्या तत्त्वाचा खरा कस लागतो तो दुसऱ्याच्या वेदनेपाशी. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालताना संत एकनाथांनी त्या मुक्या जिवाच्या प्रारब्धाची चौकशी केली नाही, आणि तेवढ्यासाठीच महाराष्ट्राने ती कथा जपली. याच्या उलट, मॉर्फिनसारखे वेदनाहारक औषध कर्करोग्याला मिळवून देणे 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांच्या जंजाळात अडकले, आणि ते सुकर करण्याची दुरुस्ती होण्यास 2014 साल उजाडावे लागले. व्यसनाचे भय खोटे नव्हते, आणि जुनाट कंबरदुखीला अफूजन्य औषधे सरसकट देऊ नयेत हेही खरे. पण मरणोन्मुखाच्या किंकाळीची दाद इतकी वर्षे तहकूब राहावी आणि समाजाला त्याचे फारसे काही वाटू नये, यात 'ज्याचे भोग त्याने भोगावे' या आपल्या सोयीस्कर तत्त्वज्ञानाचा वाटा अजिबात नव्हता असे म्हणवत नाही.

सहन करणे हे व्रत आहे, आणि व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. ते दुसऱ्यावर लादले की त्याचा जुलूम होतो. प्रारब्ध हा शब्द उच्चारण्याचा अधिकार सर्व उपाय थकल्यावर, आणि तोही केवळ आपल्या स्वतःच्या दुःखापुरता, माणसाला पोहोचतो. म्हणून ज्यांच्या घरी एखादी आजी रात्रभर कुशी बदलीत कण्हत असेल, त्यांनी तिला कर्माचा सिद्धान्त ऐकविण्याऐवजी सकाळी डॉक्टरांकडे घेऊन जावे, आणि आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्या न लपविता त्यांना दाखवाव्यात.