अंदाजपत्रकात दुपारही लिहा

परीक्षा संपल्या की महाराष्ट्रातल्या शहरांत घरांची डागडुजी सुरू होते. मुलांना सुट्टी असते, गच्चीचे वॉटरप्रूफिंग मृगाआधी उरकायचे असते, अक्षय्य तृतीयेला नव्या ओट्यावर दूध उतू घालायचे असते. कारणे सगळी खरी आहेत. पण त्यांच्यापायी आपण अत्यंत कष्टाचे काम वर्षातल्या सर्वांत तापलेल्या आठवड्यांत काढतो आणि वर घाईही करतो. ही घाई कोणाच्या तरी अंगावर निघते. उन्हाळ्यात घराला हात लावायचा असेल तर उन्हाळ्याच्याच गतीने लावावा. ती गती ठरवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.

आपल्याकडे उन्हाचा धसका फक्त विदर्भाने घ्यायचा, असा समज आहे. हवामान खाते मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांपासूनच. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात उन्हात बसलेल्या चौदा जणांचे प्राण गेले. ती माणसे ओझी वाहत नव्हती, एका सोहळ्याला आली होती. नुसते बसणे जिथे जिवावर बेतते, तिथे पन्नास किलोची सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन चार जिने चढणाऱ्याचे काय होत असेल?

घरात राहणाऱ्यांचेही हाल कमी नसतात. काम चालू असते म्हणून पंखे बंद, धूळ शेजारी जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, स्वयंपाकघर फोडलेले म्हणून शेगडी हॉलमध्ये. बाईने त्या उकाड्यात घरच्यांचे जेवण आणि मिस्त्रींचा चहा करायचा, आजोबांनी रात्री गाद्या-कपाटांच्या गर्दीत झोप शोधायची. लाद्या, ग्रॅनाइट आणि कोबा कटरने कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात बसते आणि पुन्हा निघत नाही. जुन्या घराच्या भिंती घासताना आणखी एक धोका असतो. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. कापताना पाण्याची धार, घासताना ओली भिंत आणि तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क, एवढी काळजी घ्यायलाही सवड लागते. घाईत पहिल्यांदा हीच काळजी गळते.

आणि घाईने घर तरी चांगले होते का? काँक्रीटला ताकद येते ती ओलाव्यात. भारतीय मानक ४५६ सांगते की उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले राखावे. आपण तीन दिवस पाणी मारतो, चौथ्या दिवशी पुढचे काम काढतो आणि दिवाळीत भिंतीवरच्या भेगा मोजतो. ओल्या गिलाव्यावर चढवलेला रंग फुगतो. सिमेंटलाही आपला वेळ हवा असतो. तो दिला तर माणसांनाही उसंत मिळते.

खरा पेच मात्र पैशाच्या व्यवहारात आहे. आपण काम उक्ते देतो. ठरलेल्या रकमेत जितके दिवस कमी लागतील तितका ठेकेदाराचा फायदा, म्हणून तो मुकादमाला पिटाळतो आणि मुकादम बिगाऱ्याला. नाक्यावरून आलेल्या माणसाचा एक खाडा म्हणजे त्या दिवशीची चूल. चक्कर आली तरी तो बोलत नाही. ‘मजूरच थांबायला तयार नसतात’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यांना थांबणे परवडत नाही, ही अर्धी गोष्ट आपण गाळतो. विश्रांतीचा पैसा मजुरीत धरलेला असेल तर कोणता मजूर ऐन दुपारी घमेले उचलेल?

ही मागणी नवी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांतीही मागितली होती. रविवार १८९० साली मिळाला. त्या रविवारचा उपभोग आज आपण सगळेच घेतो. त्याच मुंबईत आपल्या स्वतःच्या घरात राबणाऱ्याला दुपारची सावली नाकारणे आपल्याला शोभत नाही. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. ते कायद्याच्या धाकाने होते. आपण माणुसकीने करू शकतो, आणि हुकमाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.

सुरुवात गृहनिर्माण संस्थांनी करावी. अनेक सोसायट्यांत दुरुस्तीचे काम सकाळी नऊ-दहानंतरच सुरू करू देतात. आवाजाची अडचण खरी आहे. पण माल चढवणे, गिलावा, पुट्टी, रंग ही कामे फारशी आवाजाची नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत ती सकाळी सातपासून करू द्यावीत आणि बारा ते चार सगळेच काम बंद ठेवावे. तोडफोड आणि कटर अकरापर्यंत आटोपावे. मालासाठी आणि मजुरांसाठी लिफ्ट खुली ठेवावी. शौचालय वापरू द्यावे. शौचालय नसले की बिगारी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि उन्हाळ्यात तहान मारणे म्हणजे आजार ओढवून घेणे.

घरमालकाने करायचे तेही फार नाही. एका वेळी एकच खोली काढावी. ठेकेदाराशी बोलतानाच चार तासांची दुपार धरून दिवस आणि पैसे ठरवावेत. नव्याने उन्हात उतरलेल्या माणसाला पहिला आठवडा हलके काम द्यावे, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. माठ कामाच्या जागीच असावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पाणी प्यावे. कोणी बरळू लागला, अंग भाजू लागले तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतत राहावे, १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. स्वतः घरमालकाने, विशेषतः रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याने, भर दुपारी गच्चीवर देखरेखीला जाऊ नये.

दिवसा झोपू नये असे सांगणारा आयुर्वेदही ग्रीष्मात दुपारच्या झोपेला परवानगी देतो. ऋतूपुढे नमते घेण्यात आळस नाही, ते आपल्या पूर्वजांचे शहाणपण आहे. लाद्या, नळ, रंग यांचा हिशेब आपण पै-पैने मांडतो. या वेळी त्याच कागदावर दुपारची विश्रांतीही मांडा आणि तिचे पैसे कुरकुर न करता द्या. वास्तुशांतीला दहा दिवस उशीर झाला तर कोणाचे काही बिघडत नाही. ज्या घरासाठी कोणाला उन्हात कोसळावे लागले नाही, त्या घराची वास्तुशांती तेवढ्याने अर्धी झालेलीच असते.