दारातला लिंब कुणाचा?

आमच्या भागात लिंब म्हणजे कडुलिंब. धाराशिव जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आमचा नंबर लागतो. त्यामुळं झाड म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं रान येत नाही, दारातला लिंब येतो, नाहीतर बांधावरची बाभूळ. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या घरात दुपारी माणूस थांबू शकत नाही. मग बाज लिंबाखाली येते. डाळ निवडणं तिथं, दाढी तिथं, भावकीचं भांडण आणि सोयरीक दोन्ही तिथंच. ज्वारीच्या कणगीत त्याचाच पाला, गोवर-कांजिण्या झालेल्या पोराच्या उशाशी त्याचाच डहाळा.

माझे दोन चुलते. थोरले तात्या गावात, धाकटे अण्णा उमरग्यात. दोघांच्याही दारात लिंब होता आणि दोघांनीही साधारण एकाच सुमाराला घर बांधायला काढलं. तात्यांचा लिंब सकाळी अकराच्या सुमाराला पडला आणि दिवस मावळायच्या आत ट्रॅक्टरमध्ये भरून गेला. कुणी विचारलं नाही, कुणी अडवलं नाही. अण्णांनी मात्र करवतवाल्याला नुसता निरोप धाडला, तर शेजारचा मास्तर येऊन म्हणाला, "अण्णा, परवानगी काढलीत का? नगरपालिकेची हद्द हाय ही."

झाड तेच, घर त्याच भावांचं, मग फरक कशाचा? दोन कायद्यांचा. गावाकडं 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा चालतो आणि तो ठरावीक सोळा जातींच्या झाडांपुरता आहे. त्यात साग आहे, चंदन आहे, मोह, हिरडा आहे. चिंच, आंबा, जांभूळही आहेत. लिंब नाही. वड-पिंपळही नाहीत. तात्यांच्या दारात चिंच असती तर त्यांना अर्ज करावा लागला असता. लिंब होता म्हणून मोकळे. शहराचा कायदा 1975 चा, नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा. त्यात जातीचा भेद नाही. खासगी अंगणातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय तोडता येत नाही. 2021 साली हा कायदा आणखी कडक झाला. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं. दंड झाडामागं एक लाख रुपयांपर्यंत गेला. परवानगी मिळालीच, तर झाडाचं जितकं वय तितकी नवी रोपं लावायची आणि सात वर्षं जपायची.

अण्णांचा लिंब साठीच्या पुढचा. म्हणजे साठ-बासष्ट रोपं. अण्णांचा प्लॉट दीड गुंठ्याचा, आणि गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यात घर बांधायचं का साठ झाडं लावायची? जागा नसेल तर पैसे भरायची सोय कायद्यात आहे, पण घरासाठी कर्ज काढणाऱ्या माणसाला ती सोय कशी वाटणार?

अण्णा मला म्हणाले, "72 च्या दुष्काळात तुझी आजी भांड्याचं खरकटं पाणी या झाडाला घालायची. प्यायला पाणी नव्हतं रे. तवा कुणी आलं नाही, बाई, ही घागर घे आन् झाडाला घाल म्हणून. आन् आता समदेच मालक झाले व्हय?"

हा प्रश्न मला बरेच दिवस सोडेना. त्यात हट्ट आहे, पण नुसता हट्ट नाही. ज्यानं झाड राखलं त्याच्यावर नियमाचा सगळा भार येतो. ज्यानं पहिल्या दिवशीच अंगणात फरशी ठोकली, एक रोपटं उभं राहू दिलं नाही, त्याला कुणी काही विचारत नाही. शहाणी माणसं यातून भलतंच शिकतात. कुंपणाच्या कडेला पाखराच्या विष्ठेतून लिंबाचं किंवा पिंपळाचं रोप आलं की वीतभर असतानाच उपटून टाकतात. ‘मोठं झालं की नसती कटकट.’ असं मी एका चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. झाड वाचवायला केलेला नियम असा रोपाच्या मुळावर येतो.

जुन्या काळी हा प्रश्न उलट्या बाजूनं विचारला गेला होता. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात आरमाराला लाकूड हवंय, आंबा-फणसही उपयोगाचे आहेत, तरी त्यांना हात लावू देऊ नका, असं सांगितलंय. कारण काय, तर ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं, कामातून गेलेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्या, जबरदस्ती नको. म्हणजे तिथं राज्य झाडवाल्याला विचारतं. आज झाडवाला राज्याला विचारतो. विचारणारा बदलला, पण दोन्हीकडं एक गोष्ट मानलेली आहे: झाड घाईनं पाडायची वस्तू नव्हे.

सरकारची मालकी म्हणजे झाडाचं भलं, असंही नाही. निजामाच्या राज्यात शिंदीच्या झाडांवर सरकारचा डोळा असायचा, कारण शिंदीवर महसूल मिळायचा. 1947 च्या लढ्यात मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदी तोडली गेली ती म्हणूनच. त्या वेळी झाडावर कुऱ्हाड चालवणं हे देशकार्य होतं.

तरीही ‘माझं झाड, माझी मर्जी’ हे मला पटत नाही. का, ते माझ्या मामाच्या गावानं शिकवलं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात लोहारा-उमरगा भागातली गावंच्या गावं बसली. मामाचं गाव दुसऱ्या जागी वसवलं गेलं. ज्याच्याकडं जितकी जमीन, त्या मानानं 250, 400 नाहीतर 750 चौरस फुटांचं घर. रस्ते सरळ, ओळी सरळ, सगळं मोजून-मापून. पण सावली म्हणून कुठं नव्हती. बाया दुपारी भिंतीच्या पडछायेला सरकत सरकत बसायच्या. जुन्या गावातली माणसं गेली त्याचं दुःख मोठंच, पण मामी कधी कधी जुन्या पारावरच्या लिंबाचंही नाव काढायची, आणि ती कुणाच्याच मालकीची आठवण नव्हती. पुढं घरोघर एक-एक लिंब लागला, सांडपाण्यावर वाढला. त्याखाली बसायला नीट सावली व्हायला दहा-बारा वर्षं गेली. त्या वर्षांत ज्याचं झाड आधी मोठं झालं, त्याच्या दारात सगळी आळी बसायची. त्यानं ते झाड तोडलं असतं तर नुकसान एकट्या त्याचं झालं असतं का?

अण्णांच्या लिंबाचंही तसंच आहे. फांद्या निम्म्या रस्त्यावर आहेत. एक भाजीवाली सकाळी तिथंच पाटी टेकवते. शाळेच्या रिक्षा तिथं थांबतात. पाला पडतो म्हणून कुरकुर करणारे शेजारी आपल्या मोटारसायकली नेमक्या त्याच्याखाली लावतात. एवढ्या माणसांना त्या झाडाबद्दल बोलायचा हक्क असावा, हे मला मान्य आहे. कायद्यात एक गोष्ट मला खरोखर आवडली. झाड तोडण्याचा अर्ज आला की त्याची नोटीस त्या झाडावरच, दिसेल अशी लावायची असते, म्हणजे ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी. बुंध्यावरचा तो कागद एका अर्थी अण्णांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

उरलेलं निम्मं कुणी देत नाही. हरकत घ्यायला पैसे पडत नाहीत. जो हरकत घेतो त्यानं झाडाच्या राखणीत काय घातलं? सावली सगळ्यांची असेल तर तिचा खर्च एकट्या अण्णांनी का सोसावा? वारसा म्हणून झाडाचं नाव वहीत लिहिता, तर त्या घराच्या घरपट्टीत काही सूट द्या. वाळल्या फांद्या उतरवायला माणूस द्या. निदान आळीतल्या चार घरांनी मिळून पाला तरी लोटावा. हे नसेल तर नियम बरोबर असूनही अण्णांवर अन्याय होतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मास्तरांना मी हे बोललो. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता ते बरोबर, पण असं कोण करतंय?" तेही खरंच.

अण्णांनी शेवटी अर्ज केलाच नाही. दंडाची भीती होती, नाही असं नाही. पण काकूनं एका वाक्यात विषय संपवला: "सासूबाईंचं पाणी हाय त्यात." मग इंजिनिअरनं नकाशा फिरवला. पोराची खोली बारा फुटांची नऊ फुटांवर आली, जिना पलीकडं गेला, शोषखड्डा मुळांपासून लांब घ्यावा लागला म्हणून पाइपाचा खर्च वाढला. चुलतभाऊ अजून धुसफुसतो. त्याचंही चुकत नाही, पलंग टाकल्यावर खोलीत कपाट मावत नाही.

यंदा पाडव्याला सकाळी गेलो तर फुलोऱ्याचे डहाळे न्यायला दारात आळीतली बारा-पंधरा माणसं उभी. चुलतभाऊच शिडी लावून वर चढलेला. खालून कुणीतरी ओरडत होतं, "जरा चांगला बघून तोड की रे!"