शेवटची एक्झिट

अमेरिकेतील इंटरस्टेट ९५ हा महामार्ग मायामीहून निघून मेन राज्यातील हूल्टन येथे कॅनडाच्या सीमेला भिडतो. त्याच्या अखेरच्या टप्प्यातून आम्ही एका आप्ताच्या गाडीने गेलो. महामार्गावरून खाली उतरण्याच्या वाटेला तेथे एक्झिट म्हणतात. शर्मनची एक्झिट २६४, तिच्या पुढची आयलंड फॉल्सची २७६. हे आकडे राज्याच्या दक्षिण सीमेपासूनचे मैल होत. म्हणजे मधल्या १२ मैलांत उतरायला वाट नाही. दुतर्फा अरण्य.

बोलण्याच्या नादात शर्मन मागे पडले. महामार्गावर मागे फिरता येत नाही. शहराजवळ अशी चूक मैला-दोन मैलांत निस्तरते. येथे तिची किंमत मोठी.

आम्हांस एका धर्मगुरुबंधूची आठवण झाली. त्यांच्याशी आमचा अबोला होता, दोष आमचा होता. त्यांच्या गावावरून कितीदा गेलो; 'पुढच्या खेपेस उतरू' असे म्हणत राहिलो. तरुणपणी समेटाच्या वाटा जवळजवळ असतात. वय उतरले की त्या विरळ होतात. हूल्टनला ३०५ ही शेवटची एक्झिट, मग सीमाच. तो आकडा नकाशात वाचता येतो. आयुष्याचा नकाशा मात्र कोणापाशी आहे?

हुकलेल्या वाटेसाठी हळहळणे म्हणजे पश्चात्ताप नव्हे. पुढची वाट येताच उतरणे, हाच पश्चात्ताप. मायदेशी परतल्यावर आम्ही प्रथम त्या गावची एस.टी. धरली.