जुलैत उल्हास कोरडी कशी?

ये. नाही, बसू नकोस. बसलास की लॅपटॉप उघडशील, आणि मला आत्ता स्क्रीन बघायची नाही, उत्तर ऐकायचंय.

त्या पॅचखालचा शेरा तुझाच ना? ‘ठीक दिसतंय, मर्ज करा.’ त्याच्या वर तुझाच आणखी एक शेरा आहे : इथे टॅबऐवजी स्पेस आल्यात. म्हणजे पॅच तू न वाचता पुढे ढकलला नाहीस. एकेका ओळीवरून डोळे फिरवलेस. स्पेस दिसल्या. त्यांच्याच खालच्या ओळीत भर पावसाळ्यात उल्हास नदी आटवून ठेवलीय, ती मात्र दिसली नाही.

काय लिहिलंय त्या ओळीत? सेन्सरचा पॉइंटर नल असेल तर शून्य परत कर. आणि ते फंक्शन काय परत करतं? पाण्याची पातळी, मिलिमीटरमध्ये. मग पुढचा कोड त्या शून्याचा अर्थ काय घेणार? बिघाड? नाही. पाणी शून्य मिलिमीटर. कर्जतच्या पुलाखाली जुलै महिन्यात पाणी नाही, असं तुमचा ड्रायव्हर सर्व्हरला कळवणार. तेही अगदी शिस्तीत. पॅकेट वेळेवर, चेकसम बरोबर, बॅटरीचा आकडा बरोबर. खोटी फक्त नदी.

पॅच लिहिणाऱ्या मुलीला मी काहीही बोललेलो नाही, आणि बोलणारही नाही. ती दुसऱ्या वर्षाला आहे, आयुष्यातला पहिला ड्रायव्हर लिहितेय. तिच्याकडून चुका होणारच, त्या पकडायला तुला वर बसवलंय. तू सही ठोकलीस आणि त्या क्षणी ती एक गोष्ट शिकली : क्रॅश दिसला की वर एक ‘इफ’ लावायचा, कुणी काही विचारत नाही. हे तिला मी नाही शिकवलं. तू शिकवलंस.

आता मूळ दुखण्याकडे ये. हा पॅच आला कशासाठी? पुलावरचं आपलं यंत्र अधूनमधून २०,४८० असा आकडा पाठवायचं म्हणून. साडेवीस मीटर पाणी! सगळे हसलात. ‘सर, सेन्सर वेडा झालाय.’ मी तेव्हाच विचारलं होतं, वेडा झालेला सेन्सर दरवेळी तोच आकडा कसा देतो? वेड लागलं असतं तर आकडे भरकटले असते. हा न चुकता २०,४८०. एकाने तरी तो हेक्समध्ये मांडून पाहिला का? ५००० येतो. पुढची तीन शून्यं बघून तरी डोक्यात काही पेटायला हवं होतं.

आपली चिप कुठली? एसटीएम३२एफ१०३, वीस किलोबाइट रॅमवाली. रॅम सुरू होते हेक्स २००००००० पासून, आणि संपते २०००५००० ला. तो शेवटचा पत्ता तुमच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये स्टॅकचा माथा म्हणून लिहिलाय, आणि व्हेक्टर टेबलाच्या पहिल्या घरात तोच बसतो. कॉर्टेक्स-एमवर रीसेटनंतर ते टेबल कुठे असतं? पत्ता शून्यावर. तुझ्या लॅपटॉपवर नल पॉइंटरमधून वाचायला गेलास तर लिनक्स प्रोग्रॅमची मानगूट धरून त्याला बाहेर काढतं. इथे मानगूट धरणारं कुणी नाही. मेमरी प्रोटेक्शन युनिट वगैरे त्या चिपमध्ये नाहीच. शून्य पत्त्यावर जे पडलंय ते मुकाट उचलून ती तुमच्या हातात देते. त्यातले खालचे सोळा बिट तुम्ही पातळी म्हणून घेतलेत. हेक्स ५०००. दशमानात २०,४८०.

म्हणजे तो आकडा नदीचा नव्हता, सेन्सरचाही नव्हता. तुमच्या स्वतःच्या लिंकर स्क्रिप्टमधला स्टॅकचा पत्ता तुम्ही उल्हासची पातळी म्हणून छापत होता. वर हसत होता.

तरीही तो आकडा बरा होता, कारण तो उघड उघड मूर्ख होता. बघणाऱ्याला कळायचं की काहीतरी बिनसलंय. तुमच्या पॅचने तो मूर्खपणा काढला आणि त्याच्या जागी शहाणा दिसणारा खोटारडेपणा बसवला. इशारा कधी वाजतो? पातळी ठरावीक रेषेच्या वर गेली की. शून्यावर तो कधीच वाजणार नाही. सेन्सरची वायर उंदराने कुरतडली तरी नाही, पुलावरून पाणी गेलं तरी नाही.

‘सर्व्हरवर शून्य गाळून टाकता येईल’ म्हणतोस? कुठलं शून्य गाळणार? दुसरं यंत्र आपण खालापूरच्या बाजूला, पाताळगंगेवर लावणार आहोत. त्या नदीत नुसतं पावसाचं पाणी नसतं. खोपोलीला टाटांचं वीजघर आहे, १९१५ पासूनचं. घाटमाथ्यावरच्या धरणांचं पाणी टर्बाइनमधून खाली येतं आणि पाताळगंगेत सुटतं. मार्च महिन्यात आभाळ कोरडं असतानाही तिथली पातळी वर-खाली होते. आता सर्व्हरवर बसलेल्या माणसाने कसं ओळखायचं, की यातलं कुठलं शून्य नदीने दिलं आणि कुठलं तुम्ही? खरं काय घडलं हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक होतं. पॉइंटर नल आहे हे त्याला दिसलं होतं. तेवढीच एक बातमी त्याच्याकडे होती, आणि नेमकी तीच त्याने गिळली.

तू याच भागातला आहेस. २६ जुलै २००५च्या पुरावेळी तू जेमतेम जन्माला आला असशील, घरच्यांना विचार. २७ जुलै २०१९ मात्र तुला आठवत असेल. बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस याच उल्हासच्या पुरात अडकली होती, हजारावर माणसांना तिच्यातून बाहेर काढावं लागलं. ते पाणी आपल्या कर्जतवरूनच खाली गेलं. आणि १९ जुलै २०२३च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. तुमच्या यंत्राने हे टळलं असतं असं मी म्हणत नाही. कॉलेजच्या यंत्राबद्दल असल्या बढाया मारणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. पण इथे पाण्याच्या आकड्याकडे लोक कुठल्या नजरेने बघतात हे तुला मी सांगावं लागू नये.

आता दुसरं. तोच चेक तिने तीन ठिकाणी लावलाय. तिसरं ठिकाण उघडून बघितलंस? फंक्शनच्या पहिल्याच ओळीत पॉइंटरमधून बफर काढून घेतलाय, आणि पॉइंटर नल आहे का ते त्याच्या खाली विचारलंय. दार उघडून आत गेल्यावर कडी वाजवण्यातला प्रकार. बरं, तो चेक निदान निरुपयोगी पडून राहील असंही समजू नकोस. कंपायलर तो काढूनच टाकू शकतो. त्याचा हिशेब सरळ असतो : वरच्या ओळीत हा पॉइंटर वापरलाय, त्या अर्थी तो नल नसणारच, मग खालचा प्रश्न फालतू. ऑप्टिमायझेशन चालू करून डिसअसेम्ब्ली बघ, तुमचा ‘इफ’ शोधून दाखव.

ही माझ्या मनातली भीती नव्हे. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या ट्यून ड्रायव्हरमध्ये अक्षरशः हेच घडलं. आधी पॉइंटरमधून सॉकेट काढलं, मग पॉइंटर तपासला, जीसीसीने तपासणी उडवली, आणि साधा वापरकर्ता थेट रूट होऊ शकेल असं भगदाड पडलं. त्याला सीव्हीई-२००९-१८९७ असा क्रमांक आहे. त्यानंतर कर्नल बांधताना असे चेक काढू नयेत असा वेगळा पर्याय कंपायलरला द्यायला लागले. तो कोड लिहिणारे आणि वाचणारे तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी तयारीचे होते. त्यांच्या नजरेतून ओळींचा क्रम निसटला, म्हणून तर तुझ्या नजरेने तो आधी पकडायला हवा. ते उदाहरण आपल्यासमोर आयतं आहे.

हो, आणि आता ‘सर, म्हणजे नल चेक लावायचेच नाहीत का’ असलं काही विचारू नकोस. तोंडावर दिसतंय तुझ्या. लावायचे. गेल्या वर्षी, १२ जून २०२५ला, गुगल क्लाउड जगभर कोलमडलं त्याचं कारण न लावलेला चेकच होता. २९ मेला नवा कोड चढवला होता, तो निमूट पडून होता, कारण त्या वाटेने कुणी गेलंच नव्हतं. मग एका धोरणाच्या नोंदीत रिकामे रकाने आले, ती नोंद काही सेकंदांत सगळीकडे पोचली, आणि तो कोड रिकाम्या पॉइंटरवर जाऊन आपटला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा आपटला. तिथे चेक हवाच होता. पण चेक लावणारा आणि तो तपासणारा, दोघांनाही एक गोष्ट माहीत असावी लागते : नल सापडल्यावर पुढे काय करायचं. तुमच्या पॅचमध्ये ‘सापडलं’ आहे, ‘पुढे’ नाही.

टोनी होअरची गोष्ट तुला तोंडपाठ आहे, मला माहितीय. मागच्या सेमिनारला पहिल्याच स्लाइडवर होती. १९६५ साली त्याने अल्गोल डब्ल्यूमध्ये नल रेफरन्स आणला, पुढे स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हणाला, टाळ्या. टाळ्या तू घेतल्यास. आठवडाभरात त्याच विषयावरचा पॅच समोर आला तर तुला स्पेस दिसल्या.

रिव्ह्यू करणाऱ्याने पहिला प्रश्न कुठला विचारायचा होता? पॉइंटर इथे नल येतोच कसा? एवढाच. कमिट मेसेजमध्ये काय आहे : ‘नल पॉइंटर प्रोटेक्शन जोडले.’ हे तर कोडवरूनही दिसतं. का जोडलं, कधी नल सापडलं, कसं घडवून आणता येईल, यातलं अवाक्षर नाही. असा मेसेज आला की पॅच न उघडता परत करायचा.

मी शोधलं कारण. तुला पण शोधता आलं असतं. सेन्सरला वीज मिळाल्यापासून जागं व्हायला थोडा वेळ लागतो. लाइट जाऊन आली, किंवा ढगाळ हवेत सोलरची बॅटरी उतरून पुन्हा चढली, की चिप आधी जागी होते आणि सेन्सर नंतर. तुमचं इनिट फंक्शन सेन्सरला हाक मारतं, उत्तर येत नाही, ते प्रामाणिकपणे एरर कोड परत करतं. आणि मेनमध्ये त्या एरर कोडकडे कुणी ढुंकूनही बघत नाही! पॉइंटर तसाच नल राहतो, टायमर सुरू होतो, आणि पहिल्याच इंटरप्टला वाचन. ड्रायव्हरने सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. रोग मेन फंक्शनमध्ये, आणि मलमपट्टी तीन भलत्याच ठिकाणी.

घाटातल्या कॅच सायडिंगबद्दल तुला सांगायला नको, तुझं अर्धं खानदान रेल्वेत आहे. लोणावळ्याकडून कर्जतला उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा मुळात सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक गेलेली गाडी चढावर जाऊन रुतते, आणि ती रुतलीय हे सगळ्या घाटाला कळतं. ‘कर्जतला वेळेवर पोचली’ अशी नोंद कुणी करत नाही. तुमच्या ड्रायव्हरची सुरुवातीची अवस्था अशी हवी : वाचन अवैध. सेन्सरने एकदा नीट उत्तर दिलं की मग वैध.

तेव्हा काय करायचं ते लिहून घे. आधी तुझी मंजुरी मागे घे, आणि का घेतलीस ते तिथेच लिही, खासगीत नको. वाचणाऱ्या फंक्शनने पातळी वेगळी द्यायची आणि यश-अपयश वेगळं. एकाच आकड्यात दोन्ही कोंबायचं नाही. पॅकेटमध्ये स्थितीचा एक बाइट वाढवा; बिघाड असेल तर पातळीचा रकाना कुणी वाचायचाच नाही. मेनमध्ये इनिटचा निकाल तपासा, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा, आणि तरीही जमलं नाही तर यंत्राने सांगायचं की मी आंधळं आहे. टायमर त्यानंतर सुरू करायचा. नल चेक एकाच ठिकाणी, दारात, पॉइंटरला हात लावण्याआधी. आत जागोजागी चेक पेरले की कुठला पॉइंटर कुणाच्या जबाबदारीचा हेच पुढच्या माणसाला कळत नाही. आणि बफर मोकळा करून टाकल्यावरही त्याचा जुना पत्ता पॉइंटरमध्ये तसाच राहतो, तो नल नसतो, हे लक्षात ठेव. तिथे तुमचा चेक आनंदाने आत सोडेल.

मग प्रयोगशाळेत जा. सेन्सरची वायर काढून यंत्र चालू करा. वायर लावून पुरवठा पाचदा तोडा, जोडा. चालू असताना मध्येच वायर ओढा. दरवेळी सर्व्हरवर काय पोचलं ते वहीत उतरवा, स्क्रीनशॉट नको. उद्या चार वाजता वही माझ्या टेबलावर. जाताना तिलाही बरोबर ने. वायर तिला ओढू दे, वही तू धर.